‘मी’च्या खालची तार

क्रिबी, ११ फेब्रुवारी १९९६

ती. स्व. लोबेदादास,
धाकट्या सालोमेचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे ठीक. ह्यांचा खोकला थांबला. बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता कान गेले आहेत ते मात्र गेलेच, आणि पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचल्यावर तुला कळेल की ते गेलेले बरे.

आमच्या चर्चच्या गायनमंडळात बेस गिटार वाजवणारा तोन्ये नोकरी लागून लिब्रव्हिलला गेला. जाताना गिटार घेऊन गेला. गिटार त्याचीच, तेव्हा बोलायची सोय नाही. पण गेले तीन रविवार आम्ही बावीस बायका बूड नसलेल्या पातेल्यासारख्या गातो आहोत. आवाज आहे, पण तो टेकत कुठेच नाही. आणि मेमध्ये पेन्टेकॉस्टच्या सणाला किनाऱ्यावरच्या सगळ्या मंडळ्यांचे गायक इथे, आमच्याच अंगणात जमणार. रेजिनबाईंनी, म्हणजे आमच्या गायनप्रमुखांनी, मागच्या गुरुवारी विचारलं की बेस शिकायला कोण तयार आहे. पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी शिकते. म्हणून झाल्यावर कळलं की काय म्हणून बसले.

हसू नकोस. अठ्ठेचाळीस हे काही मरायचं वय नाही. यंदा भिशीचा नंबर माझा लागला आहे, तेव्हा गिटार माझी मीच घेणार. तू एवढंच सांग, की पहिलीच गिटार घ्यायची तर ती किती तारांची घ्यावी? जावईबापू कुठल्याशा मासिकात बघून म्हणतात की सहा तारांची घ्या, आता तीच चालते. इथला रेडिओ-गिटारी विकणारा रेडिओवाला म्हणतो पाच. तू बत्तीस वर्षं दुआलाच्या हॉटेलांत वाजवलंस, तू काय म्हणतोस?

क्लोतिल्दवहिनींना नमस्कार. सोबत सुकवलेली कोळंबी पाठवते आहे. बसच्या ड्रायव्हरने वाटेत खाल्ली नाही तर पोचेल.

माया आहे तशी ठेव, सल्ला तेवढा लवकर दे.
तुझी सालोमे

•

देइदो, दुआला, १९ फेब्रुवारी

चि. सौ. सालोमेस,
अनेक आशीर्वाद.

कोळंबी पोचली. पत्रही पोचलं. तुझी वहिनी ते मोठ्याने वाचत होती आणि मी हसलो नाही. मला ठसका लागला.

चार. उत्तर संपलं. पण तुला तेवढ्याने भागणार नाही, म्हणून लिहितो. चार तारांवर मी बत्तीस वर्षं नाचवली माणसं. मंत्री नाचवले, मंत्र्यांच्या बायका नाचवल्या, एकदा तर आमचे पैसे बुडवणारा हॉटेलचा मॅनेजर नाचवला. त्यातही खरं काम दोनच तारा करायच्या, उरलेल्या दोन शेजारी म्हणून बसायच्या. पाचवी तार ही फोटोसाठी असते. सहावी असते ज्याला पहिल्या पाच येत नाहीत त्याच्यासाठी. जावईबापूंना म्हणावं, बोटीला चार वल्ही जास्त लावली म्हणून मासे जास्त मिळत नाहीत.

आणि तुझी बोटं भेंडीएवढी. पाच तारांच्या गिटारीचा दांडा केवढा रुंद असतो ते पाहिलं आहेस का? तुझा हात त्याच्यावरून पलीकडे पोचायला वाटेत एदेआमध्ये बस बदलावी लागेल.

भिशीचे पैसे छपरावर घाल. गिटार हवीच असेल तर माझी घेऊन जा. खुंटीला टांगलेली आहे, चार तारांची आहे, तिला वाजायची सवय आहे. मला आता कंटाळा आला आहे त्या धंद्याचा. रोज उठून तेच ते.

मेहुण्यांना सांग, कान ठणठणीत झाले तरी कुणाला कळू देऊ नका.

तुझ्यावर लोभ आहेच, पण तो चारच तारांचा आहे.
लोबे

•

क्रिबी, १ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गायनमंडळात वाचून दाखवलं. बायका इतक्या हसल्या की तालीम राहून गेली. पण हसून झाल्यावर रेजिनबाई म्हणाल्या की तुझे बंधू विद्वान असतील, पण त्यांनी आपली गाणी ऐकलेली दिसत नाहीत.

अडचण अशी आहे. तुझ्या चार तारांतली सगळ्यात जाड तार दो-रे-मीतला ‘मी’ बोलते. त्याच्या खाली गिटार जात नाही. आमची पेन्टेकॉस्टची तिन्ही गाणी ‘रे’वर बसलेली आहेत, म्हणजे ‘मी’च्याही एक पायरी खाली. तोन्येची गिटार पाच तारांची होती, म्हणून आम्हाला हे कधी कळलंच नाही. रेडिओवाल्याकडची चार तारांची आणून मी वाजवून पाहिली. ‘रे’ हवा असेल तर वरचा घ्यावा लागतो, आणि तो असा वाजतो, जसा एखाद्या जाड्या माणसाने बारीक आवाजात चहा मागावा. मग गाणी एक पायरी वर चढवून पाहिली. वरच्या सुरावर सुझानबाईंना घेरी आली आणि दोघींनी राजीनामे दिले. ते परत घ्यायला दोन दिवस गेले.

तेव्हा दादा, मला ‘मी’च्या खाली उतरायचं आहे. तुला आयुष्यात जमलं नाही हे ठाऊक आहे, पण मला उतरणं भाग आहे.

तुझी गिटार मला नको. राग मानू नकोस. ती माझ्या घरात आली तर ती तुझीच राहील, आणि मी रोज तिला हात लावायची परवानगी मागत बसेन. मला माझी हवी. शिवाय एक कळलं नाही. तुला कंटाळा आला? तुला? आईच्या मयताहून परत आलास त्या दिवशीही तू पायरीवर बसून वाजवत होतास.

भेंडीचं उत्तर या कागदाच्या मागे आहे. डावा हात ठेवून पेन्सिल फिरवली आहे, पुरावा म्हणून. करंगळी जरा जास्त लांब आली आहे, तेवढी माफ कर.

या चिमुकल्या हाताला आशीर्वाद असू दे.
तुझी सालोमे

•

देइदो, दुआला, ९ मार्च

प्रिय सालोमेस,
क्लोतिल्दचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या दादाला न सांगता लिहिते आहे. ते न्हाव्याकडे गेलेत, म्हणजे दुपारपर्यंत निश्चिंती. तिथे केस कमी आणि राजकारण जास्त कापलं जातं.

कंटाळा वगैरे काही आलेला नाही. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळली आहेत आणि सरळ होत नाहीत. दुखत नाही, पण उघडतही नाहीत. दोन वर्षं झाली. आधी म्हणाले, थंडी. दुआलात थंडी, तू विचार कर. मग म्हणाले, झोपेत हात अवघडला. एका लग्नात वाजवताना सगळ्यांसमोर चुकले. घरी आले, गिटार टांगली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांना सांगायला लागले की नवीन गाण्यांत दम उरला नाही. डाव्या हातात सतत काहीतरी धरून ठेवतात, टोपी, वर्तमानपत्र, नाहीतर खिशात घालतात. आमच्या मुलांनाही माहीत नाही. मी डॉक्टरचं नाव काढलं की जेवणावरून उठतात, आणि त्यांना जेवणावरून उठवणं किती अवघड आहे हे तुला सांगायला नको.

आता खरी बातमी. तुझ्या हाताचं चित्र आल्यापासून ते तीन वेळा आक्वामधल्या त्या वाद्यांच्या दुकानात जाऊन आले. हो, तोच दुकानदार, ज्याला ते वीस वर्षं घोरपड म्हणतात. कागद घडी घालून शर्टाच्या खिशात. आत जात नाहीत. समोरच्या टपरीवर बसून काचेतून बघतात आणि परत येतात. कारण उघड आहे. आत गेलं की हातात गिटार देणार, आणि गिटार हातात आली की बोटं दिसणार.

तू त्यांना हे विचारू नकोस. पण त्यांना आत ढकल. माझ्याने ते होत नाही. माझं ऐकलं तर बायकोचं ऐकल्यासारखं होतं.

माझी आठवण ठेव आणि हे पत्र जाळ.
क्लोतिल्दवहिनी

•

क्रिबी, १६ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते, चुलीवर मासे आहेत.

मला दुआलाला येता येत नाही. ईस्टरच्या आधीचे तीन आठवडे तालमी आहेत, आणि ह्यांना एकट्याला ठेवलं तर दारात कोण हाका मारतंय ते कुणालाच कळणार नाही. रेडिओवाल्याने मला काल एक पाच तारांची दाखवली. मी त्याला म्हटलं की हिची मधली तार कुजबुजते. तो म्हणाला, बाईंना भास होतात. दादा, मला भास होतात का? माझ्या कानांवर माझा विश्वास आहे, पण पैसे द्यायची वेळ आली की मी दुकानातून बाहेर येते.

तेव्हा गिटार तू निवड. मला तुझी बोटं नकोत, माझी माझ्याकडे आहेत, चित्र तुझ्यापाशी आहे. मला तुझे कान हवे आहेत. तू ऐकायचंस. दाबायचं काम कुणीही करेल, दुकानदार करेल, त्याला दिवसभर दुसरं काय काम असतं? किती तारा हेही तूच ठरव. मी पुन्हा वाद घालणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव की आमच्या बावीस बायका ‘रे’वर उभ्या आहेत आणि खाली पाणी आहे.

पैसे बसच्या ड्रायव्हरकडे पाकिटात शिवून दिले आहेत. तो कोळंबी खातो, पण पैशाला हात लावत नाही.

नाही म्हणू नकोस, एवढं लाडक्या बहिणीचं मागणं.
तुझी सालोमे

•

देइदो, दुआला, २८ मार्च

चि. सौ. सालोमेस,
अनेक आशीर्वाद.

‘दाबायचं काम कुणीही करेल’ हे वाक्य तुझं नाही. तुझ्या वहिनीला मी काही बोललेलो नाही, पण न्हाव्याकडे जाणं बंद केलं आहे.

तर आता तुला माहीत आहे. बरं झालं. लिहायचं वाचलं.

मंगळवारी दुकानात गेलो. घोरपडीने मला बघून चष्मा पुसला. म्हणाला, मुस्सू लोबे, वीस वर्षांनी वाट चुकलात. मी त्याला खिशातला कागद दिला आणि सांगितलं की असा हात आहे, त्याला झेपेल असं दाखव. त्याने भिंतीवरच्या एकेका दांड्यावर तुझा कागदी पंजा ठेवून पाहिला. रुंद दांड्यांवर तुझी करंगळी, पेन्सिलीने लांबवलेली असूनही, दोन तारा अलीकडेच थांबत होती. सहा तारांची तर त्याने हसतच परत टांगली. मग तो म्हणाला, घ्या, वाजवून बघा.

मी हात खिशातून काढला. सालोमे, त्याने बोटं पाहिली. स्टूल ओढलं, माझ्या डाव्या बाजूला चिकटून बसला आणि म्हणाला, तुम्ही सांगा, मी दाबतो. तो दाबायचा, मी उजव्या हाताने छेडायचो. एका गिटारीवर दोन म्हातारे. माझ्या बरगड्यांत त्याचं कोपर. पहिल्यांदा काहीच जुळेना, तो दाबायचा तेव्हा मी थांबलेला, मी छेडायचो तेव्हा तो पुढे गेलेला. मग मी पायाने ताल धरला. हळूहळू जमलं. दारात माणसं जमली. टपरीवाला चहा घेऊन आला आणि पैसे घेईना. एकूण अकरा गिटारी ऐकल्या. दोन वर्षांनी ऐकल्या.

आता तारा. पाच तारांच्या सगळ्या रुंद, तुझ्या हाताला जड आणि खांद्याला त्याहून जड. अरुंद दांड्याच्या चार तारांच्या छान, पण ‘मी’वर थांबणाऱ्या. आम्ही दोघे बघत बसलो. मग मी विचारलं की वरची सगळ्यात पातळ तार, ‘सोल’ची, चर्चमध्ये किती वेळा लागते? तो म्हणाला, कधीच नाही. मी म्हटलं, मग ती हवी कशाला? पाच तारांचा संच फोडला. पातळ तार काढून ठेवली आणि ‘मी’च्याही खालची जाड ‘सी’ घातली. सी, मी, ला, रे. जाड तार बसेना म्हणून दांड्याच्या टोकाच्या पट्टीतली खाच कानशीने रुंद केली. आता तुझा ‘रे’ ‘मी’च्या पोटाखाली आरामात बसतो, आणि दांडा तोच, भेंडीला झेपणारा.

किती तारा झाल्या, मोज. चार. मी काय म्हणालो होतो?

तुला आणखी एक सांगायचं आहे, हातासारखंच ते दडवून ठेवलं होतं. तू सोळा वर्षांची होतीस. मी दुपारी झोपलो की तू हॉटेलची गिटार काढून वाजवायचीस. बाबांना ते मी सांगितलं. वाद्य बिघडेल म्हणून सांगितलं असं तुम्हा सगळ्यांना वाटलं, आणि तुला क्रिबीला मावशीकडे धाडलं. खरं असं की एक दिवस मी झोपलो नव्हतो. अंगणात उभा राहून ऐकलं. जी चाल बसवायला मला दोन महिने लागले होते ती तू वाजवत होतीस, आणि नीट वाजवत होतीस. मी चोवीस वर्षांचा होतो आणि घरात वाजवणारा मी एकटाच होतो. तसंच राहावं असं मला वाटलं. एवढंच कारण. बत्तीस वर्षांत सांगायला जमलं नाही.

गिटार शुक्रवारच्या बसने निघते आहे. उभी ठेव, आडवी नको.

रागावलीस तरी पत्र पाठवत जा.
लोबे

•

क्रिबी, १० एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

गिटार पोचली. ड्रायव्हरने तिला स्वतःच्या शेजारच्या सीटवर बसवून आणली आणि एका बाईला उभं केलं. लाल आहे हे तू लिहिलं नव्हतंस. ह्यांनी पाहिली, चर्चमधून आणलेल्या स्पीकरच्या पेटीला जोडली, जाड तार छेडली आणि म्हणाले, हे मला ऐकू येतंय. तेव्हापासून मी वाजवायला बसले की जमिनीवर पाय सोडून बसतात. म्हणे पायांतून वर येतं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, माझं इतकं मन लावून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मिठाच्या पाण्यात बुडवते. पहिलं गाणं जमतं. दुसरं जमतं असं मला वाटतं, रेजिनबाईंना वाटत नाही.

आता ती दुसरी गोष्ट. दादा, अंगणात तुझं पाऊल थांबलेलं मला त्या दिवशी ऐकू आलं होतं. मला वाटलं तू आत येऊन शाबास म्हणशील. म्हणून तर ती जागा मी दोनदा वाजवली. तू आलास तो बाबांना घेऊन. मावशीकडे पहिलं वर्ष मी तुला रोज शिव्या घातल्या, पाठ करून, क्रमाने. मग हे भेटले, मुली झाल्या, क्रम विसरत गेले. रागावले नाही असं लिहिणार नाही, ते खोटं होईल. तुझं पत्र वाचून समुद्रावर जाऊन आले आणि संध्याकाळी तुझी चाल आठवून वाजवली. ती अजून येते. मधली एक जागा अडते, ती तू दाखवायला हवीस.

पेन्टेकॉस्ट २६ मेला. तू तीस वर्षांत चर्चची पायरी चढला नाहीस हे माहीत आहे, म्हणून बोलावत नाही. नुसती तारीख कळवली.

जे राहिलं असेल ते माफ, जे आहे ते असू दे.
तुझी सालोमे

•

क्रिबी, २८ मे

सौ. क्लोतिल्दवहिनींस,
सालोमेचा नमस्कार.

तुम्हाला वाटत असेल की तुमचे यजमान शनिवारपासून बोनाबेरीला मित्राच्या घराचं छप्पर बघायला गेलेत. छप्पर बघितलं असेल तर आमच्या चर्चचं बघितलं. इथे आहेत, सुखरूप आहेत, आत्ता माझ्या अंगणात झोपलेत.

रविवारी सात मंडळ्यांचे गायक आले होते. आमचा नंबर शेवटचा. पहिलं गाणं चांगलं झालं. दुसऱ्यात माझा हात एकदा घसरला, पण सुझानबाईंनी तिथेच इतका मोठा सूर लावला की झाकला गेला. तिसरं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यात वीज गेली. स्पीकरची पेटी बंद, माझी गिटार मुकी. मी तारा दाबते आहे, छेडते आहे आणि माशीएवढा आवाज येतो आहे. वहिनी, बावीस बायकांचा सूर माझ्या डोळ्यांदेखत तरंगायला लागला. रेजिनबाई माझ्याकडे बघत होत्या, जणू विजेची तार मी कापली.

तेवढ्यात अगदी मागच्या बाकावरून कुणीतरी माझाच भाग गायला लागलं. शब्द नाहीत, नुसता दुं दुं, खालच्या ‘रे’वरून, बरोबर तालात. घोगरा आवाज, लपणारा नाही. मी मान वर केली नाही. बोटं थांबवली नाहीत, मीही तोच भाग तोंडाने धरला. मग पुरुषांच्या बाकावरून आणखी चार-पाच जणांनी, म्हणजे फेब्रुवारीत बूट बघणाऱ्यांनीच, धरला. गाणं टेकलं. शेवटपर्यंत टेकलेलं राहिलं. वीज आली ती प्रार्थना संपल्यावर.

दादा गुपचूप बस गाठणार होता. ह्यांनी दारात अडवलं. ह्यांना त्याची एकही सबब ऐकू आली नाही.

जेवायला किनाऱ्यावर बसलो. माशाचे काटे काढायला दोन हात लागतात, तेव्हा डावा हात टेबलावर आला. रेजिनबाईंना आडपडदा माहीत नाही. त्यांनी सरळ विचारलं की बोटांना काय झालं. मी विषय बदलायला माशाची थाळी पुढे सरकवली. पण त्याने सांगितलं, सगळं, लग्नातल्या चुकीसकट. मग काय, बावीस बायका आणि बावीस औषधं. कुणी ताडाच्या बियांचं तेल, कुणी गरम वाळू, एकीने तर तिथेच बोटं ओढायला घेतली. तो ओरडला, पण हात काढून घेतला नाही. रेजिनबाईंचा भाचा याऊंदेला हाताचा डॉक्टर आहे. तो म्हणे असं झालेलं उघडून देतात, सगळ्यांचं नाही, बऱ्याच जणांचं. दादा म्हणाला, बघू. मी कॅलेंडर काढून डॉक्टरकडे जायची तारीख लिहून घेतली.

तेव्हा तो इथे आणखी दोन आठवडे राहील. मला त्या अडलेल्या जागेपाशी रोज बसवतो. बायकाही आम्हाला ताल नीट धरायला शिकवा म्हणून मागे लागल्या आहेत, त्यांना त्याने दहा मिनिटं ठाम नकार दिला. गुरुवारच्या बसने त्याचे दोन शर्ट आणि चष्मा पाठवा. चष्म्याशिवाय त्याला माझी बोटं दिसत नाहीत, आणि चुका अंदाजाने काढतो आहे.

घरी एकट्या आहात, दार लावून घेत जा, आणि आमच्यावरची माया उघडी ठेवा.
तुमची सालोमे